सगळाच माल एक नंबर

मला एक सांगा, गिऱ्हाइकाने विश्वास ठेवायचा तर कोणावर? स्वतःच्या डोळ्यांवर की दुकानदाराच्या जिभेवर? लगेच उत्तर देऊ नका, आधी माझं ऐका. मी इतवारी बाजारातल्या मधुकररावांच्या मिरचीच्या दुकानाची वेबसाइट बोलतेय. बोलणं जरा दुकानदारी वाटेल, पण तो संगतीचा गुण. चौथीत शाळा सुटलेल्या या माणसाने माझा शब्द न् शब्द गादीवर बसून सांगितला आणि त्यांच्या सुनेने, कामिनीने, तो टाइप केला.

जन्मले तेव्हा काय तोरा होता माझा! लाल किनार, मिरचीच्या ढिगांचे देखणे फोटो आणि कोपऱ्यात एक चितारलेली टोपली. टोपलीवर बोट ठेवलं की ऑर्डर गेलीच. शेजारचे व्यापारी येऊन बघून जात. पण खरं सांगू? माझा जीव जळायचा तो गल्ल्याशेजारच्या काळ्या फोनवर.

रूप म्हणाल तर चिकटपट्टीने बांधलेला रिसीव्हर आणि आकड्यांवर तिखटाची पुटं. पण तो वाजला की मधुकरराव समोरचा माणूस सोडून धावायचे. माझ्याकडे माणसं यायची, बघायची, जायची. मधुकररावांना पत्ताही नसायचा.

सगळ्यात जास्त जळायचे मी भावनाताईचा फोन आला की. ही आमच्याच शहरातल्या इंदोरा वस्तीत राहते, घरी चटण्या-मसाले करून विकते. जन्मापासून तिला दिसत नाही. पण तिचं हसू रिसीव्हरमधून दुकानभर सांडायचं.

"काका, मागची मिरची स्वयंपाकाले पाठवली होती का मोहल्ला खोकलवाले?"

मधुकरराव पोट धरून हसायचे. मी मनात म्हणायचे, एवढी नटूनथटून मी बसलेय आणि हिला हा काळाच कसा आवडतो?

एक दिवस ती स्वतःच काठी टेकत दुकानात आली.

"काका, फोनवर तुम्हीच निवडता, तुम्हीच पाठवता. मले माझी मिरची मलेच निवडाची आहे. वेबसाइट काढली म्हणता ना? ऐका मग, ते माझ्यासंगं कशी बोलते."

तिने मोबाइल गल्ल्यावर ठेवला. तिचा मोबाइल पडद्यावर लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो. पण माझ्या फोटोंमागे लिहिलेलं होतं काय? तो बिचारा सुरू झाला, "चित्र. चित्र. चित्र. बटण. चित्र. बटण." माझी लाडकी टोपली, तीसुद्धा नुसती "बटण"! आणि शेवटी माझ्याच पानावरची ती ओळ त्याने वाचली: चित्रातली अक्षरं ओळखा आणि तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.

"घ्या! मी माणूस आहो का नाही, हे बी आता हिले पटवून द्या," भावनाताई म्हणाली.

सगळं दुकान हसलं. मला धरणी दुभंगावी असं झालं. आणि नेमका तेव्हाच तो काळा मेला ठणठणला!

मधुकरराव मात्र हसले नाहीत. "कामिनी, गिऱ्हाईक दारात उभं राहून 'काय आहे' म्हणून इचारून राहिलं, अन् आपण नुसतं 'वस्तू, वस्तू' म्हणून राहिलो. अशा दुकानाची पायरी कोण चढन वं?"

कामिनीने मला कामाला लावलं. अक्षरांचं कोडं उपटून टाकलं. बटणांना नावं दिली. टोपली "टोपलीत टाका" म्हणू लागली. राहिले फोटो. प्रत्येक फोटोमागे त्याचं वर्णन लिहायचं होतं, आणि ते सांगायला बसले मधुकरराव. इथेच व्यापाऱ्याची खोड आडवी आली. भिवापुरी मिरची? "लिही, एक नंबर माल." बारकी, झणझणीत? "एक नंबर माल." मागच्या सालची, रंग उतरलेली, कोपऱ्यात पडून असलेली पोती? "एक नंबर!"

मी खूश. आता भावनाताई माझी! पण फोन वाजला तो काळ्याचाच.

"काका, वेबसाइट बोलाले लागली तुमची, पण पुरी तुमच्यावरच गेली. सगळाच माल एक नंबर! मग दोन नंबरचा कोणासाठी लपवून ठेवला?"

रिसीव्हर ठेवून मधुकररावांनी कोपऱ्यातल्या पोत्यातली एक मिरची हातात घेऊन चुरगळली. मग म्हणाले, "कामिनी, ते एक नंबर खोड. आता लिही. मागच्या सालची. रंग उतरलेला. वरची साल पातळ. तिखटपणा कायम."

"बाबा, असं लिहिलं तर घेईल कोण?"

"ज्याले दिसते तो फोटोत रंग पाहूनच घेते ना? मग उतरलेला रंग काय एकट्या तिच्यापासून लपवाचा?"

फोटो एकेक करत साऱ्या मालाचं खरं खरं लिहून झालं. सोमवारी दुकान उघडायच्या आधीच भावनाताईची ऑर्डर माझ्याकडे येऊन बसली होती. तिची तिने ऐकलेली, तिची तिने निवडलेली. ऑर्डर पाहून मधुकरराव चक्रावले आणि त्यांनी, माझं नशीब, काळ्यालाच हात घातला.

"काहून वं पोरी, चुकून दाबलं का? त्या उतरलेल्या रंगाचीच मिरची मांगितली तू!"

"चूक कायची, काका? लसणाच्या चटणीत रंग कोण पाहते? तिखट पायजे, अन् भाव कमी. इतके साल फोनवर बोलून राहिलो आपण, या मालाचं नाव तरी काढलं होतं का तुम्ही कधी?"

मधुकररावांनी तिची मिरची स्वतः तोलली. कोपऱ्यातली पोती त्या आठवड्यात हलली.

आता भावनाताईची प्रत्येक ऑर्डर माझ्याकडे येते. तिच्यामागून तिच्या ओळखीतले आणखी काही जण येतात. त्यांना बघण्यात नाही, ऐकण्यात रस. फोटोंचा तोरा माझा उतरला. पण जळणं गेलं म्हणाल तर नाही हो. माल पोचला की ती हसायला अजून त्या काळ्याकडेच जाते. माझ्याशी तिचं काम, त्याच्याशी तिची गंमत. हे दुखणं माझ्यासोबतच जाईल.

तुमचंही दुकान असेल, तुमचीही माझ्यासारखी एखादी नटवी असेल, तर एवढंच मागते. आत किती आले ते सगळेच मोजतात. दारात चाचपडून परत किती गेले तेही मांडा. आणि मालापुढे लिहाल ते असं लिहा, की ज्याला नुसतं ऐकू येतं त्याच्याही हाती तोच माल पडावा. हिशेब खरा ठेवा, बाप्पा.