पाण्यासकट पंचवीस किलो

“दोन्ही बाटल्या भरलेल्या होत्या. बरोबर?” मेजरसाहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं.

“बरोबर,” मामा म्हणाले.

“काठोकाठ?”

“काठोकाठ, साहेब. झाकणसुद्धा सैल केलेलं नव्हतं.”

कारकुनाने ते टंकून घेतलं. टेबलावर एक पिट्टू ठेवला होता, सैनिक पाठीवर बांधतात ती जाड पिशवी, आणि शेजारी त्या दोन बाटल्या. मामा तिकडे पाहायचं टाळत होते.

विशेष दलात शिरायचं तर बत्तीस किलोमीटरचा मार्च पुरा करावा लागे, पाठीवर पंचवीस किलो घेऊन, ठरलेल्या वेळेत. शेवटच्या रेषेपलीकडे तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्याला टांगता काटा लावून मामा उभे असत. पिट्टू आकड्याला अडकवायचा, काटा वाचायचा, मोठ्याने आकडा सांगायचा. शंभर ग्रॅम जरी कमी भरले, तरी वर्ष फुकट. बावीस वर्षं हे एकच काम. नाव भांडारातल्या नोंदीपुरतं; सगळं केंद्र त्यांना मामाच म्हणे. “देवाला फसवाल, मामाच्या काट्याला नाही,” असं पोरं म्हणत, आणि ते कानावर पडलं की मामांची छाती दोन बोटं पुढे येई.

दल नवं होतं तेव्हा तीस जण यायचे. नियमात लिहिलं होतं, वजन पाण्याशिवाय. मामा प्रत्येकाच्या बाटल्या काढून बाजूला ठेवत आणि मग तोलत. पुढे तीसचे तीनशे झाले. एकदा उन्हात रांग फार लांबली, वरून ओरडा झाला, आणि त्या दिवशी मामांनी पिट्टू बाटल्यांसकट टांगला. कुणी हटकलं नाही. दुसऱ्या वर्षी तेच अंगवळणी पडलं. पोरं हुशार, त्यांनी पाणी धरूनच पंचवीस किलो भरायला सुरुवात केली. दोन किलो ओझं वाचलं. फक्त बाटलीला तोंड लावायचं नाही, एवढंच.

टेबलावरचा पिट्टू ज्याचा, तो मुलगा गेल्या वर्षी चारशे ग्रॅमने नापास झाला होता.

“चार घोट प्यालो मामा, तेवढंच कमी आहे हो!”

“काट्याला तुझी तहान कळत नाही, बाळा. चल, पुढचा!”

रांग हसली होती. मामाही हसले होते.

यंदा तो वेळेत आला. रांगेत त्याच्यापुढे चौघे होते. तो गुडघ्यावर बसला तेव्हा मामा ओरडले होते, “ए, रांगेत बसायचं नाही! ऊठ!” तो उठला नाही. दवाखान्यात नेईपर्यंत अंग तव्यासारखं तापलं होतं, आणि संध्याकाळी सगळं संपलं.

“तर निष्कर्ष असा,” मेजरसाहेब कागदावरून वाचू लागले, “प्रशिक्षणार्थीने जवळ पुरेसं पाणी असूनही, सूचनांकडे दुर्लक्ष करून—”

“साहेब, तसं नाही ते.”

मेजरसाहेबांनी मान वर केली. मग कारकुनाला म्हणाले, “जरा चहाचं बघून ये.”

दार लागलं.

“मामा, विचारलं तेवढंच सांगा. चार महिने राहिलेत तुमच्या निवृत्तीला.”

“वजन मी पाण्यासकट करत होतो. नियम तसा नाही. म्हणून पोरं पीत नाहीत.”

“मला माहीत नाही का?” मेजरसाहेबांचा आवाज एकदम खाली आला. “मीही भरलेल्या बाटल्या घेऊनच तुमच्यापुढे उभा होतो. सगळेच असायचे. अठ्ठाविसाव्या किलोमीटरला ओढा लागतो. तिथे प्यायचं, बाटल्या पुन्हा भरायच्या.”

“ओढा आटलाय यंदा, साहेब.”

टेबलाच्या कडेवरून मेजरसाहेबांचा अंगठा मागेपुढे फिरत राहिला.

“हे लिहिलं, तर सगळं तुमच्यावर शेकेल. वरचे सगळे कानावर हात ठेवतील. मीसुद्धा ठेवीन कदाचित.”

“ठेवा. पण पोरगा मूर्ख होता असं कागदावर राहायला नको. आणि पुढची तुकडी सोमवारी निघतेय.”

कारकून चहा घेऊन आला. मेजरसाहेबांनी चहाला हात लावला नाही. “घे लिहून,” ते म्हणाले, “हे जसं सांगतील तसं. शब्द बदलू नकोस.”

मामांनी सही केली. सही दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती.

बाहेर बाकावर मुलाचे वडील बसले होते. बसचालक, अंगावर कामावरचाच खाकी शर्ट. मामांना पाहून ते अर्धवट उठले.

“वजन करता ते तुम्हीच ना? पाणी होतं म्हणतात त्याच्याजवळ. मग प्यायला का नाही हो?”

मामा त्यांच्या शेजारी बसले. सगळं सांगितलं, काही न वगळता. गेल्या वर्षीचे चारशे ग्रॅम सांगितले. रांगेत ओरडलो तेही सांगितलं. वडील जमिनीकडे बघत ऐकत राहिले. ते अंगावर धावून आले असते तर मामांना बरं वाटलं असतं.

“म्हणजे तहान लागली होती त्याला.”

“हो.”

“दोन वर्षं घराच्या जिन्यावरून वाळूचं पोतं घेऊन वर-खाली करायचा. शेजारचे वैतागायचे.” त्यांनी मान वर केली. “यंदा किती भरलं?”

“नंतर टांगला तेव्हा पंचवीस किलो, दोनशे ग्रॅम.”

“पास झाला असता?”

नियमाप्रमाणे बाटल्या काढल्या, तर तेवीसच्या वर थोडंसं. बावीस वर्षांत मामांनी आकडा फिरवला नव्हता.

“माझ्या काट्यावर पास होता तो,” मामा म्हणाले.

वडिलांनी मान हलवली. “त्याच्या आईला तेवढं सांगतो.”

मामा त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. बस आली, दुपारची वेळ, जवळजवळ रिकामीच. वडील चढले आणि कुठल्याच सीटवर बसले नाहीत. वरची दांडी दोन्ही हातांनी धरून, ते वळणापर्यंत तसेच उभे दिसत होते.