थोरल्याचं वजन

फळ्यावर सतरा वाक्यं होती. त्यांतल्या अकरांत ‘जग’ हा शब्द होता, सहांत ‘विश्वास’, चारांत ‘उज्ज्वल’ आणि दोनांत हे तिन्ही. खोलीत माणसं सहा, मार्कर चार, त्यांतला चालणारा एक. ‘काटा’ किंवा ‘वजन’ हे शब्द एकाही वाक्यात नव्हते. आमची कंपनी वजनकाटे बनवते.

“जगाला समतोल देणे,” आत्याने अठरावं वाक्य लिहिलं आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं. “हे कसं वाटतं?”

“जगाने मागितलाय का?” टिचकीदादांनी विचारलं.

टिचकीदादा आमचे सर्वांत जुने फिटर. कोणताही काटा पुढे आला की आधी त्याच्या ताटलीला टिचकी मारतात आणि आवाजावरून तो आजारी आहे की ठणठणीत ते सांगतात. माणसांशीही त्यांचं वागणं तसंच आहे.

“तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच लागलीये,” आत्या म्हणाली.

“पगार त्याचाच घेतो ना, वहिनी.”

कंपनी आत्याची. माणसं एकोणीस. मी विसावी, चार महिन्यांपूर्वी पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन आलेली, आणि म्हणून अर्ज भरायचं काम माझ्या गळ्यात पडलेलं. अर्ज होता नैतिक व्यवसायाच्या प्रमाणपत्राचा. दुकानांच्या एका मोठ्या साखळीला सहाशे काटे हवे होते, पण फक्त प्रमाणपत्र असलेल्या कंपनीकडून. पहिलाच प्रश्न असा: तुमच्या कंपनीचं सामाजिक उद्दिष्ट वीस शब्दांत सांगा. त्याच्याखाली आणखी तीन: त्याचा फायदा कोणाला होतो? ते मोजता कसं? आणि ते साधताना कोणाचं नुकसान झालं आहे का?

आम्ही समतोलाचं वाक्य पाठवलं. दोन दिवसांत तपासनीस बाईंचं उत्तर आलं. त्यांनी ‘जगाला’खाली रेघ मारून समासात लिहिलं होतं, ‘म्हणजे नक्की कोणाला?’ ‘समतोल’खाली, ‘म्हणजे नक्की काय?’ ‘देणे’खाली, ‘म्हणजे नक्की कसं?’ वाक्यात शब्द तीनच होते, त्यामुळे त्यांना तिथेच थांबावं लागलं. नवा अर्ज पुढच्या मंगळवारपर्यंत द्यायचा होता.

“बाई खवट दिसते,” आत्या म्हणाली.

मला त्या फार आवडल्या.

शनिवारी कारखाना बंद असतो. मी जुनी कागदपत्रं चाळायला म्हणून सकाळी साडेआठला गेले, तर फाटकापाशी रांग. भाजीवाले, वाणी, एक खिळे-स्क्रूवाला, एक फळवाल्या मावशी. प्रत्येकाच्या काखेत किंवा डोक्यावर काटा. फाटकाच्या आत टेबल, टेबलामागे आतोबा.

आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, तरुणपणी काटे विकायचा प्रयत्न केला होता. पण गिऱ्हाइकाला ते आधी काट्यातले दोष सांगत. तेव्हा आत्याने त्यांना विक्रीतून काढलं, आणि त्यांनी आपणहून हे टेबल मांडलं. कोणाचाही काटा, कोणत्याही कंपनीचा, दर शनिवारी फुकट तपासून मिळेल. चुकत असेल तर तिथेच दुरुस्त. मग काट्याच्या कपाळावर तारखेचा एक गोल हिरवा कागदी ठिपका चिकटवायचा. सरकारी शिक्का निराळा, तो ज्याने त्याने घ्यायचाच. हिरवा ठिपका हा फक्त आतोबांचा शब्द. पण बाजारात लोक आधी तो ठिपका बघत आणि मग भाव विचारत.

“आतोबा, हे किती वर्षं चाललंय?”

“बावीस. सरक जरा, उजेड अडतोय.”

“तरी बरं, दुकान फुकटाचं आहे,” आत्या आतून ओरडली. “नाहीतर कधीच बुडालं असतं!”

“हिला शनिवारची सुट्टी सोसत नाही,” आतोबा मला हळूच म्हणाले. “मला बोलायला म्हणून येते.”

मी तिथेच कागदाच्या पाठीवर लिहिलं: ‘आमच्या परिसरातल्या दुकानांतले काटे, ते कोणीही बनवलेले असोत, दर वर्षी तपासून खरे ठेवणे.’ शब्द तेरा. जग नाही, उज्ज्वल नाही. आत्याने ते दोनदा वाचलं.

“एवढंच? हे तर हे करतातच.”

“म्हणून तर.”

ती कागद घेऊन बाहेर गेली, नवऱ्याच्या खांद्यावरून तो त्यांच्यासमोर धरला आणि म्हणाली, “घ्या. तुम्ही आता उद्दिष्ट झालात.” आतोबांचे कान लाल झालेले मी पहिल्यांदाच पाहिले.

उरले तीन प्रश्न. फायदा कोणाला, हे सोपं होतं. मोजता कसं, यासाठी मला आधी आतोबा ज्याने काटे तपासतात ते वजन मोजायला हवं होतं.

कारखान्यात विक्रीचे काटे आम्ही प्रमाणित वजनांच्या पेटीने जुळवतो. ती पेटी दर वर्षी बाहेरून तपासून येते आणि नियमाप्रमाणे खोलीबाहेर नेता येत नाही. म्हणून शनिवारसाठी आतोबांचं स्वतःचं एक वजन होतं: पितळेचं, एक किलोचं, सगळे त्याला थोरला म्हणत. आतोबा दर शनिवारी टेबल मांडण्याआधी जुन्या बनियनचा तुकडा आणि चमक आणणारी पेस्ट घेऊन थोरल्याला घासत. त्यात तोंड बघून भांग पाडता येई.

सोमवारी मी काचेच्या पेटीतल्या आमच्या सर्वांत नाजूक काट्यावर थोरल्याला ठेवलं. तो काटा मिलिग्रॅमपर्यंत सांगतो. त्याने सांगितलं: ९९७.६४० ग्रॅम.

मी दार बंद केलं, पंखा बंद केला, पुन्हा ठेवलं. ९९७.६४०. मग प्रमाणित वजन ठेवलं. १०००.०००. काटा शहाणा होता.

मी टिचकीदादांना बोलावलं. त्यांनी थोरल्याला टिचकी मारली.

“आवाज तर चांगलाय.”

“दोन ग्रॅम आणि छत्तीस शतांश कमी आहे, दादा.”

“पडलं असेल कधी. टवका उडाला असेल.”

टवका कुठेही नव्हता. आरशाला कुठला टवका? आणि मग माझ्या डोक्यात जे आलं ते दादांच्याही आलं असावं, कारण आम्ही दोघांनीही खिडकीत वाळत घातलेल्या बनियनच्या तुकड्याकडे पाहिलं.

मी पेस्ट घेऊन थोरल्याला आतोबांसारखंच, दाबून आणि प्रेमाने, दहा वेळा घासलं. दर वेळी पुसून कोरडं केलं. नंतरचं वजन: ९९७.६२०. म्हणजे एका घासणीला दोन मिलिग्रॅम. बावीस वर्षं, वर्षाला बावन्न शनिवार, घासण्या अकराशे चव्वेचाळीस. गेले दोन पूर्णांक एकोणतीस शतांश ग्रॅम. उरलेले सात शतांश पाहुणे येणार असले की होणाऱ्या जादा घासणीचे असावेत.

“ते बनियन जोखा,” दादा म्हणाले. “तूट त्यात सापडेल.” पण ते हसले नाहीत.

कारण अर्थ सरळ होता. हलक्या थोरल्याला किलो म्हणायला आतोबांनी प्रत्येक काट्याला शिकवलं होतं. त्या काट्यावर दुकानदार किलो म्हणून जे तोलत होता, ते किलोला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास कमी भरत होतं. हिरव्या ठिपक्याखाली. ठिपक्यांचं भेंडोळं पाचशेचं असतं, दर वर्षी नवं. चालू भेंडोळ्यात एकशे अठ्ठ्याऐंशी उरले होते. म्हणजे तीनशे बारा काटे बाजारात होते.

आतोबांना सांगताना मी सगळे आकडे लिहिलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला, कारण तोंडाने सांगायचा धीर झाला नाही. त्यांनी चष्मा लावून वाचला. मग काचेच्या पेटीपाशी जाऊन स्वतः थोरल्याला ठेवलं आणि उभे राहिले. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

“मी त्याला उन्हातसुद्धा ठेवत नव्हतो गं,” ते म्हणाले.

आत्या आली. तिने कागद वाचला, नवऱ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

“हे बघा, अहो. दोन ग्रॅम म्हणजे किती? एक शेंगदाणा! आणि दुकानातल्या काट्याला थोडी सूट असतेच की. थोरल्याला कपाटात ठेवा, नवीन वजन आणा, शनिवारपासून पुढे चालू. कोणाला कळतंय?”

“आणि अर्जातला चौथा प्रश्न?” मी विचारलं.

“त्यात ‘नाही’ लिही. किंवा उद्दिष्टच बदल. झाडं लावू. झाडाचं वजन कोणी करत नाही.”

मी आतोबांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते. त्यांना प्रमाणपत्राची पर्वा नव्हती, सहाशे काट्यांचीही फारशी नसावी. बावीस वर्षांत त्यांनी एकच गोष्ट कमावली होती: त्यांच्या टेबलावर काटा ठेवून माणूस निर्धास्त चहा प्यायला जाई. उद्या हे बाहेर सांगितलं, तर त्या टेबलावर पुन्हा कोण काटा ठेवणार?

“अगं, एक शेंगदाणा बरोबर आहे,” ते शेवटी आत्याला म्हणाले. “पण शेंगदाणा कोणाचा?” मग माझ्याकडे वळले. “चौथ्या प्रश्नात सगळं लिही. घासण्याचंही लिही. लाज माझी आहे, कंपनीची नाही.”

“कंपनी कोणाची आहे मग?” आत्या म्हणाली. “लाज काय एकट्याने खायची असते? लिही गं. पण ‘प्रेमाने घासलं’ असं लिही. नुसतं ‘घासलं’ वाचलं तर बाईला वाटेल मुद्दाम कानस चालवली.”

फाटकावरची पाटी आतोबांनी स्वतः रंगवली. ‘हिरवा ठिपका असलेले सर्व काटे परत आणावेत. माझं वजन हलकं निघालं. चूक माझी. दुरुस्ती मी करीन.’ खाली सही. टिचकीदादा पाटीची एक छोटी प्रत घेऊन बाजारभर फिरून आले.

“काय म्हणाले लोक?” मी विचारलं.

“काही नाही म्हणाले. वाचलं आणि गप्प बसले.” दादा पाणी प्यायले. “आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.”

तपासनीस बाई गुरुवारी स्वतः आल्या. वामनमूर्ती, हातात मोठी पिशवी, पिशवीत अर्ज. आत्याने बिस्किटांची बशी पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारून पुन्हा स्वतःकडे ओढली.

“या महिन्यात मी बावीस अर्ज वाचले,” त्या म्हणाल्या. “चौथ्या प्रश्नाला एकवीस जणांनी ‘नाही’ लिहिलंय. तुम्ही दोन पानं. आलेख कोणी काढला?”

“मी,” मी म्हटलं.

“खालच्या अक्षावर एकक नाही.”

“घासण्यांची संख्या आहे. तिला एकक नसतं.”

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि बिस्कीट उचललं.

“प्रेमाने म्हणजे नक्की काय?”

आत्याने मान दुसरीकडे वळवली. आतोबा उठले, बनियनचा तुकडा आणला आणि टेबलावरची पितळेची घंटी घासून दाखवू लागले. बाईंनी मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ लिहून घेतली.

“उद्दिष्ट ठीक आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण उद्दिष्ट लिहून होत नाही. चार शनिवार देते. तीनशे बारांपैकी निम्मे काटे परत येऊन दुरुस्त झाले, तर मान्य. नाही आले तर याचा अर्थ लोकांचा तुमच्यावर भरवसा नाही, आणि मग तुम्ही कोणाचे काटे खरे ठेवणार?”

आतोबांनी बनियनचा तुकडा घडी करून खिशात टाकला. त्यांच्या मनातलंच कोणी मोठ्याने वाचल्यासारखे बसून राहिले.

पहिल्या शनिवारी त्यांनी सात वाजताच टेबल मांडलं. नवीन वजन पोलादी होतं, प्रमाणपत्रासकट, आणि त्याच्या डब्यावर आत्याने लिहून चिकटवलं होतं: ‘घासू नये. कौतुकानेही.’ आतोबा हातमोजे घालून बसले होते. आठ वाजले. सव्वाआठ. नेहमी असते ती रांग नव्हती.

साडेआठला फळवाल्या मावशी आल्या. काटा टेबलावर ठेवला, कमरेवर हात ठेवले.

“म्हणजे बावीस वर्षं मी दर किलोला दोन ग्रॅम खाल्ले?”

“सुरुवातीला कमी,” आतोबा म्हणाले. “मग वाढत गेले. मावशी, चूक माझी—”

“पाटी वाचली मी. अख्ख्या बाजाराने वाचली.” त्यांनी काटा त्यांच्याकडे सरकवला. “स्वतःहून कोण सांगतं असं? माझ्या सख्ख्या दिराने आजपर्यंत एक चूक कबूल केली नाही. करा नीट. आणि मी चहाला चाललेय, मला काय बघत बसायचं नाही.”

आतोबांनी मोज्यातले हात एकमेकांवर घासले आणि पोलादी वजन उचललं. काट्याने १००२ दाखवलं. त्यांनी स्क्रू फिरवला. टेबल हलू नये म्हणून टिचकीदादा त्याची एक बाजू दाबून उभे राहिले. मावशी वळणावर पोहोचल्या तेव्हा त्यांना समोरून काखेत काटा घेतलेले दोघं भेटले. मला वाटतं त्या काहीतरी म्हणाल्या, कारण दोघंही हसले.

चौथ्या शनिवारी दुपारी एक वाजता मी अर्जातला पुराव्याचा रकाना भरला.

परत आलेले काटे: ३१२ पैकी २९७. दुरुस्तीपूर्वी एक किलोमागे सरासरी तूट: २.२७ ग्रॅम. दुरुस्तीनंतर: ०.१ ग्रॅमपेक्षा कमी. त्याच चार शनिवारी प्रथमच तपासायला आलेले, ठिपका नसलेले काटे: ४१.