हॉलसाठी राखलेला रोगी

आमच्या प्रोफेसर वगीहसाहेबांना झनाती नावाच्या रोग्याच्या अन्ननलिकेतल्या शिरा फार आवडल्या. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. दुर्बीण आत होती, पडद्यावर करंगळीएवढ्या फुगलेल्या शिरा दिसत होत्या, आणि साहेब म्हणाले, "व्वा रबाब, काय देखणी केस आहे! आज शिरा बांधायच्या रबरी कड्या घालू नकोस. शनिवारच्या हॉलसाठी राहू दे."

हॉल म्हणजे आमचं वार्षिक संमेलन. साहेब इकडे रोग्याच्या घशात दुर्बीण घालतात आणि तिकडे देशोदेशीचे पाहुणे डॉक्टर मोठ्या पडद्यावर बघतात. झनाती डेल्टातला भातशेतकरी. पोरवयात कालव्यात डुंबला, कालव्यातल्या जंताने यकृताचा दगड केला, अडलेलं रक्त अन्ननलिकेच्या शिरांत तुंबलं, आणि आता त्याने रक्त ओकलं होतं.

"साहेब, तोवर पुन्हा शीर फुटली तर?"

"गोळ्या चालू आहेत ना? मग झालं!"

मांजराचा होतो खेळ आणि उंदराचा जातो जीव, म्हणतात ते उगाच नाही.

झनातीची बायको उम्म सब्री मात्र खूश. इतरांना लगेच घरी पिटाळतात, तिच्या नवऱ्याला मोठ्या डॉक्टरांनी स्वतः ठेवून घेतलं! तिने साहेबांसाठी गुबगुबीत बदकं आणि तुपात थबथबलेली, पदर सुटलेली फितीर पोळी आणली. "अल्ला त्यांचे हात सलामत ठेवो, पोरी. गरिबाला एवढा मान कोण देतं?" मी खरं सांगायला गेले, तर मलाच दटावलं, "तू लहान आहेस अजून. मोठ्यांचं मोठ्यांना कळतं."

शनिवारी झनाती उपाशीपोटी टेबलावर, आणि हॉलमध्ये भाषणं संपेनात. एकाने स्वागत केलं, दुसऱ्याने त्या स्वागताचे आभार मानले.

"डॉक्टरीणबाई, लग्नात नवऱ्या मुलालासुद्धा इतकं ताटकळत ठेवत नाहीत," झनाती म्हणाला, आणि हसता हसता भडाभडा रक्त ओकला.

मी साहेबांची वाट पाहिली नाही. भूलतज्ज्ञाने श्वासनळीत नळी सरकवली, मी दुर्बीण आत घातली. पडद्यावर नुसतं लाल. रक्त शोषत, पाणी मारत खाली गेले, तेव्हा एका शिरेतून चिळकांडी उडताना दिसली. कडी घातली. चिळकांडी थांबली. मग बाकीच्या शिरा बांधल्या, एकही सोडली नाही. तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्पीकरमधून टाळ्यांचा कडकडाट झाला. कॅमेरा आणि माइक हॉलला जोडलेले होते, हे मी विसरलेच होते.

टाळ्या! माणूस मरता मरता वाचला आणि यांना टाळ्या सुचतात! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

साहेब हातमोजे चढवत आत आले. "एखादी तरी शीर ठेवायचीस. आता मी हॉलला काय दाखवू?"

त्यांच्या पाठोपाठ उम्म सब्री दारात आली होती. "ठेवायची म्हणजे?"

"मावशी, हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं," मी ओरडलेच. "पाहुण्यांना दाखवायला ठेवलं होतं तुझ्या नवऱ्याला!"

"बाई, हे शास्त्राचं काम आहे," साहेब तिला म्हणाले. "कितीतरी डॉक्टर यातून शिकतात."

उम्म सब्रीने रक्ताने माखलेली चादर पाहिली. तिचा आवाज खणखणीत होता.

"शिकवा की! पण तुमच्या आईने रक्त ओकलं असतं, तर तिला ठेवली असती शनिवारपर्यंत?"

साहेब चढवलेले हातमोजे उतरवू लागले. माइक चालूच होता. स्पीकरमधल्या टाळ्या थांबल्या होत्या, आणि सगळा हॉल उत्तराची वाट बघत होता.