कॅमेऱ्याचं सूनमुख

मी कॅमेरा घेतला तो फोटोंच्या हौसेने नाही. तालायचं नाक कापायला घेतला. उगाच गोड गोड कशाला सांगू?

तालाय म्हणजे आमच्या गावचा लग्नाकार्यातला फोटोवाला. इस्सिक-कुल सरोवराच्या या काठाला दुसरा कोणी नाही, म्हणून स्वारीचे पाय जमिनीला लागत नाहीत. माझ्या आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या मेजवानीचे फोटो त्यानेच काढले. आई हसताना तोंडावर हात धरायची, पुढचे दात पडल्यापासून तर जास्तच. त्या दिवशी मात्र मावशी असं काही चावट बोलली की आई दोन्ही हात मांडीवर आपटून खदखदून हसली, आणि तालायने ते टिपलं. मी शेजारीच होते, खटका माझ्या कानांनी ऐकला. पाच आठवड्यांनी आई गेली. माझ्याकडे उरला पासपोर्टचा फोटो, ज्यात ती पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसते.

फोटो मागायला गेलं की तालायचं एकच पालुपद. "शोधतोय, एजे. सापडले की आणून देतो." एजे म्हणजे मोठी बहीण. तेवढा मान द्यायचा, फोटो तेवढे द्यायचे नाहीत. चौदा महिने! मला खात्री होती की मेला मुद्दाम अडवतोय, कारण त्याच्या बहिणीच्या लग्नात मी भाजलेले नान करपले होते. एकदा भर बाजारात मी त्याला धरलं, तर वर तोंड करून म्हणतो, "एजे, तुम्ही तुमचा तंदूर सांभाळा. कॅमेरा म्हणजे काय कणकेचा गोळा आहे?" लोक हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी त्याच आठवड्यात घोडी विकली आणि राजधानी बिश्केक गाठलं. त्याचं एकेक लग्न हिसकावून घ्यायचं, एवढंच डोक्यात होतं.

कॅमेऱ्यांच्या दुकानात गेनादी नावाचा म्हातारा होता. मी काचेतल्या सगळ्यात मोठ्या धुडाकडे बोट दाखवलं.

"हा द्या. तालायचा याच्यापेक्षा लहान आहे."

"तालाय कोण?"

"आमच्याकडचा लग्नांचा फोटोवाला. त्याला रडवायचंय."

"मग धरून उभी राहा. मी चहा पिऊन येतो."

त्याने चहा सावकाश प्यायला. तीस वर्षं कणीक तिंबलेले माझे हात, पण मनगट भरून आलं. म्हातारा म्हणाला, "लग्नात आठ तास असंच उभं राहायचंय. पहिलाच कॅमेरा ना? मग हातात बसेल तो घे. आणि सगळा पैसा कॅमेऱ्याच्या डब्यात घालू नकोस, भिंगात घाल. तुमच्या लग्नांना उजेड कुठे असतो? भिंगाचं तोंड मोठं हवं."

"आणि फोटो हरवायला नकोत," मी म्हटलं. "काही झालं तरी नकोत."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि मागच्या फळीवरून एक साधा, मधल्या आकाराचा कॅमेरा काढला. यात दोन कार्डं बसतात, एक गेलं तरी दुसऱ्यावर फोटो राहतो, म्हणाला. दिसायला अगदीच गरीब होता बिचारा.

"हा बघून शेजारी काय जळणार?"

"बाई, कॅमेरा फोटो काढायला घेतेस की शेजाऱ्यांना दाखवायला?"

"दाखवायलाच!" मी म्हटलं, पण घेतला तोच.

आमच्याकडे नवी सून असो, बाळ असो की मोटार, पहिल्यांदा बघणाऱ्याने आधी काहीतरी द्यायचं आणि मगच बघायचं. त्याला कोरुमदुक म्हणतात. मी कॅमेरा नवरीसारखा पांढऱ्या रुमालात झाकून मानाच्या जागी ठेवला, कणकेचे बोरसोक तळले आणि गल्लीला चहाला बोलावलं. कोणी मोजे दिले, कोणी जर्दाळूचा मुरंबा. तालायला मी बोलावलं नव्हतं. तो आलाच. येणार हे मला ठाऊक होतं, त्याला राहवतंय कुठलं! आणि आल्या आल्या कोणाला न विचारता गड्याने रुमाल उचलला.

"बघू तरी, एजेने कसलं खेळणं आणलंय."

"कोरुमदुक! कोरुमदुक!" बायका ओरडल्या.

त्याने हसत खिशातून नोट काढली.

"पैसे नकोत," मी म्हटलं. "माझ्या आईचे फोटो दे."

गल्लीतल्या सगळ्यात थोरल्या शायिर आपा भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पेला खाली ठेवला. "न देता सुनेचा पदर उचललास, तालाय. आता घरची बाई मागेल ते द्यावंच लागेल. ऊठ, घेऊन ये."

"शोधतोय ना, आपा..."

"चौदा महिने? गाव केवढं, तुझं घर केवढं! ऊठ."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी मनात म्हटलं, आता सापडलास! त्याने एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"नाहीत," तो म्हणाला. "मेजवानीनंतरच्या शनिवारी एक लग्न होतं. कार्ड एकच होतं माझ्याकडे. मी पुसलं. वाटलं होतं, आधीच कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेत. नव्हते घेतले."

मग जो गलका झाला तो विचारू नका. शायिर आपांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. शेजारच्या सायरागुलने तिथल्या तिथे मुलीच्या लग्नाचं काम त्याच्याकडून काढून मला दिलं, मागोमाग आणखी दोघींनी. मला हवं होतं ते सगळं एका चहात झालं. तालाय मान खाली घालून उभा होता.

आणि मी? हात दाखवून अवलक्षण केलं मी. चौदा महिने त्याला शिव्या घालत होते, म्हणजे चौदा महिने ते फोटो कुठेतरी आहेत असं धरून चालले होते. त्याच्या कपाटात का होईना, आई हसत होती. विचारलं नसतं तर अजून हसत असती.

मी कॅमेरा उचलून डोळ्याला लावला. "काढ, काढ मेल्याचा फोटो!" बायका ओरडल्या. तालायने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी काही काढत नव्हते. मला दिसतच नव्हतं. रडताना कोणी बघू नये म्हणून नुसता धरला होता, आणि हात भरून आले तरी खाली घेतला नाही.