चार चाकं

माझ्या आत्याला गाड्यांचं भारी वेड, आणि मतंही तितकीच ठाम. ऑटोमॅटिक गाडी म्हणजे आळशांची सोय, शर्यत म्हणजे फक्त चालवणाऱ्याचा खेळ, बाकीचे सगळे नुसते हरकामे.

इतकी वर्षं टीव्हीवर शर्यती पाहिलेल्या, पण गाडी टायर बदलायला थांबली की चहा ठेवायला उठणाऱ्या आत्याला यंदा मी ट्रॅकवर घेऊन गेले. जागा मिळाली ती टायर बदलतात त्या थांब्यासमोर.

"इथून वळण कुठे दिसतंय? काय बघायचं, पंक्चरचं दुकान?" ती फणफणली.

तेवढ्यात एक गाडी किंचाळत आत आली. माणसांनी तिला गराडा घातला, पुढून-मागून जॅक लावून उचललं, चारही चाकं निघाली, नवी बसली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाडी सुसाट निघूनही गेली.

आत्याने माझं मनगट घट्ट धरलं. "बदलली? चारही?"

"हो."

"आणि कुणाचा कुणाला धक्कासुद्धा नाही गं!"

मग तिने ट्रॅककडे पाहिलंच नाही. श्वास रोखून ती त्या माणसांकडेच बघत राहिली.

शर्यत संपल्यावर मी विचारलं, "कोण जिंकलं, कळलं का?"

"जिंकलं असेल कुणीतरी. तो पुढचा जॅकवाला बघितलास? गाडी अंगावर येत होती, पण पठ्ठ्या जागचा हलला नाही."