तोंड वर करून

मी पिस्ता रंगाचे एक जुने धुलाई मशीन आहे आणि माझे तोंड वर आहे. हल्लीच्या मशिनांना पोटावर काचेची गोल खिडकी असते, कपडे घालायला त्यांच्यापुढे वाकावे लागते. माझ्यापुढे कुणी वाकायची गरज नाही. झाकण उचला, कपडे टाका, बटण फिरवा. मित्रांनो, म्हातारी यंत्रे प्रेमळ असतात असे तुम्ही ऐकले असेल. मी तशी नाही. मी खुन्नस धरून बसते, आणि ती कुणावर धरली ते आता सांगते.

कारखान्यातून मी आले ते थेट एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. घरात दादा, वहिनी, त्यांची मुले आणि दादांची धाकटी बहीण. मुले तिला आत्या म्हणत, म्हणून मीही आत्याच म्हणते. धुणे तिच्याकडे होते. ती प्रत्येक खिसा उलटा करून मगच कपडा आत टाकी आणि काम झाले की माझे झाकण कोरडे पुसून थोडा वेळ उघडे ठेवी, म्हणजे आत कुबट वास धरू नये. एवढी काळजी त्या घरात माणसांचीही कुणी घेत नव्हते. शेजारणी मला बघायला येत, आणि वहिनी माझ्यावर हात ठेवून असे मिरवत जणू रोजचे धुणे त्याच धुतात.

एका दुपारी आत्या बाहेर गेली होती. वहिनी फोनवर बोलत होत्या. लाल खड्याचे एक कानातले टोचत होते, म्हणून त्यांनी ते काढून गाऊनच्या खिशात टाकले. मग गाऊनवर सरबत सांडले. त्यांनी दुसरा घातला आणि सांडलेला तसाच्या तसा माझ्यात फेकला. खिसा बघायची सवय त्यांना नव्हतीच. मी घुसळत असताना ते कानातले खिशातून सुटले आणि आतल्या पिंपाच्या कडेवरून बाहेरच्या पिंपात जाऊन पडले. दोन पिंपांमधल्या त्या फटीत माणसाचा हात पोचत नाही.

संध्याकाळी घर डोक्यावर घेतले गेले. कपाटे उपसली, गाद्या उलथल्या. शेवटी वहिनींची नजर आत्यावर थांबली. कमावत नाही, सगळ्या खोल्यांतून वावरते, दुसरे कोण घेणार? हे त्या घरातच बोलल्या असत्या तर एक वेळ ठीक होते. पण त्या प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दारात जाऊन बोलून आल्या.

मला जेवढे बोलता येत होते तेवढे मी बोलले. दुसऱ्या दिवशी कपडे पिळताना सगळा जोर लावून खडखडले. आत्याने कान टवकारले. ती दादांना म्हणाली, याच्या पोटात काहीतरी अडकले आहे, उघडून बघू या. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"चोरी करून वर मशीनवर ढकलतेस? आणि एवढं तोंड वर करून बोलतेस?"

"खाली घालण्यासारखं काही केलं नाही मी," आत्या म्हणाली.

दादांनी पेपर उचलला आणि म्हणाले, मशीन जुने झाले आहे, आवाज करणारच. मी तेव्हा मुळीच जुनी नव्हते. आत्याने बॅग भरली. जाताना तिने माझे झाकण पुसले आणि उघडे ठेवले.

ती गेल्यावर मी सूड उगवायला सुरुवात केली. वहिनींच्या पांढऱ्या कुडत्याला मुलांच्या लाल मोज्याचा रंग लावला. त्यांच्या आवडत्या ओढणीला माझ्या मधल्या दांड्याभोवती असा पीळ घातला की ती कात्रीनेच सोडवावी लागली. शिवाय रोज खडखडत होतेच. त्या मला शिव्या घालीत, पण उघडून बघायचे एकालाही सुचले नाही. मग खिडकीवाले नवे मशीन आले आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. डोक्यावर कुंड्या आल्या, अंगाला गंज चढला, झाकण बंदच राहिले. शेवटी भंगारवाल्याने मला हातगाडीवर घातले.

भंगारात माझे तुकडे व्हायचे, पण त्याने मला एका दुरुस्तीच्या दुकानात नेले. तेथील बाईने त्याला कधीचे सांगून ठेवले होते: पिस्ता रंगाचे, डाव्या अंगाला बादली आपटून पोचा पडलेले मशीन मिळाले तर मोडू नकोस. मित्रांनो, ती आत्या होती. घर सोडल्यावर ती सरळ या दुकानात आली होती आणि मालकांना म्हणाली होती, मला वरच्या तोंडाची मशिने उघडायला शिकवा. शिकता शिकता जुनी मशिने विकत घेऊन नवी करणे हाच तिचा धंदा झाला. कितीतरी पोटे तिने उघडली, पण हवे होते ते माझे.

तिने माझे आतले पिंप उचलले आणि तळाच्या गाळात बोटे घातली. लाल खडा निघाला तेव्हा ती फरशीवर बसून रडली. मग उठली, कानातले रुमालात बांधले आणि कामाला लागली. गंज खरवडला, पट्टा बदलला, रबरी नळ्या नव्या घातल्या, रंगही अगदी तोच शोधून आणला. फक्त पोचा तसाच ठेवला.

आणि एक दिवस वहिनी आल्या. मागे दादा होते. वहिनींचे गुडघे गेले होते, वाकायला डॉक्टरांनी मनाई केली होती, आणि वरच्या तोंडाची जुनी मशिने मिळतात म्हणून कुणीतरी हे दुकान सांगितले होते. आत्याने दुकानाच्या काचेतून त्यांना येताना पाहिले. तिने रुमाल सोडला, कानातले माझ्या कडेच्या फटीतून परत आत टाकले आणि पुढे झाली. तिला पाहून दोघेही जागच्या जागी थबकले.

"बसा," ती म्हणाली. "मशीन चालवून दाखवते."

असे मनापासून मी आयुष्यात कधी खडखडले नसेन. दादांचा चेहरा उतरला. हा आपल्या मशीनचा आवाज, असे ते पुटपुटले. आत्याने पाना घेतला, त्यांच्यासमोर मला उघडले आणि लाल खडा वहिनींच्या तळहातावर ठेवला. वहिनींची मान खाली गेली. खालच्या मानेनेच त्यांनी किंमत विचारली.

"पैसे नकोत," आत्या म्हणाली. "खिसा बघितल्याशिवाय मी कधी कपडा टाकला नाही. ज्या ज्या दारात मला चोर म्हणालात, त्या त्या दारात जाऊन सांगा, 'कानातलं माझ्याच खिशात होतं.' आणि वहिनी, तोंड वर करून सांगा. मग मशीन न्या."

दादा म्हणाले, झाले गेले विसर, घरी चल.

"तेव्हा गप्प बसलास ना दादा, आताही गप्प बस. घरी येईन ती मशीन तपासायला."

पुढच्या आठवड्यात इमारतीतली माणसे दुकानात येऊ लागली. कुणी बिघडलेली इस्त्री घेऊन, कुणी मिक्सर घेऊन, आणि कुणाचीच नजर आत्याकडे वर होत नव्हती. शेवटचे दार झाल्याचे कळले तेव्हा तिने मला टेम्पोत चढवले.

आता मी परत त्याच घरात आहे. वहिनी प्रत्येक खिसा दोनदा उलटा करतात. मित्रांनो, कुणाला चोर म्हणण्याआधी तुम्हीही आपले खिसे बघा. आणि माझ्यासारखे एखादे यंत्र आवाज करू लागले, तर वय झाले म्हणून गप्प बसू नका, उघडून बघा.

माझ्या पोटात आता काही नाही, आत्याने स्वतः पुसून दिले आहे. तरीही बाहेरच्या खोलीत पाहुण्या बसल्या की मी मुद्दाम एकदा खडखडते. वहिनींचा हात लगेच कानाकडे जातो, आधी एका, मग दुसऱ्या.