लाल-काळ्या कॅप्सूलची बरणी

ओफेलिनाच्या दुकानात साखर, मेणबत्त्या, माचिस आणि काचेच्या बरणीत अँटिबायोटिकच्या सुट्या लाल-काळ्या कॅप्सूल असत. ग्वातेमालातल्या त्या डोंगरगावाला सरकारनं दवाखाना दिला होता, डॉक्टर दिला नव्हता. पंधरवड्यातून एकदा कुणीतरी उगवायचा, तोही वाट कोरडी असली तर. बरणी मात्र रोज उघडी. दाढ ठणकली, दोन घ्या. पोराला हगवण लागली, एक घ्या. बरं वाटलं की औषध बंद.

त्या मंगळवारी तिचा नवरा त्रान्सितो कॉफीच्या मळ्यातून पोटरीवर कोयत्याचा वार घेऊन आला. तिनं सवयीनं एक कॅप्सूल फोडली, भुकटी जखमेत भरली, दोन पोटात दिल्या.

"दोनच? बायको आहेस की दुकानदारीण?"

"गिऱ्हाईक जुनं म्हणून दोन. नव्याला एकच देते."

आठव्या दिवशी पाय भोपळ्यासारखा सुजला. शहरातल्या इस्पितळात त्याला एकट्याला खोलीत ठेवलं. आत जायचं तर पिवळा झगा आणि हातमोजे. तिनं केळीच्या पानात उकडलेले मक्याचे तामाल नेले, ते बाहेरच ठेवून घेतले.

"ओफेलिनाबाई, आधी कोणती औषधं दिलीत?" तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नेहमीचीच. तीस वर्षं तीच. दोन-तीन घेतल्या की उतरायचं."

"उतरायचं, पण संपायचं नाही. उरलेले जंतू दर वेळी निबर होत गेले. आता आमच्याकडचं एकही औषध त्यांना मारत नाही. सगळा दोष तुमचा नाही. आमच्या वॉर्डात हात धुवायला साबण नसतो."

हे खरं बोलायला धाडस लागतं. पण ते साबणाच्या जागी वापरता येत नाही.

त्रान्सितो तापात चाचपडायचा. "ओफे, हे रबर काढ ना. तुझा हात दे."

"काढू देत नाहीत हो."

"मग मी कुणाचा हात धरलाय?"

इस्पितळातल्या अकराव्या दिवशी तो गेला, रबर धरूनच.

मृत्यूनंतरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना उरकल्या, मागून आणलेल्या खुर्च्या परत गेल्या. ओफेलिनानं बरणी इस्पितळात नेऊन दिली. फळीवर धुळीत तिचा गोल तेवढा उरला.

शेजारीण कासिमिरा तापलेलं पोर कडेवर घेऊन आली. "दोन दे गं."

"नाहीत. बसनं इस्पितळात चल, मी येते सोबत."

"दिवसभराची मजुरी बुडवू? नवरा गेला तशी डोक्यानं गेलीस काय? माझ्या पोरावर कसला सूड?"

"माझ्याच हातानं मारलं गं त्यांना. तुझं पोर नाही मारणार."

कासिमिरा समोरच्या दुकानात गेली. तिथल्या बरणीचं झाकण फिरल्याचा आवाज ओफेलिनाला रस्त्यापलीकडून ऐकू आला.

त्यानंतर तिच्याकडे साखरेलाही कुणी फिरकलं नाही. वाटेत भेटणारे मान वळवू लागले.

एके सकाळी तिनं दुकानाला कुलूप घातलं, खुर्ची उचलली आणि समोरच्या दुकानाच्या दारात मांडली.

"इथं काय काम, ओफेलिनाबाई?" दुकानदार खेकसला.

"तू विक. मी नुसती सांगणार, माझा माणूस कसा गेला ते."

दुपारपर्यंत तिच्याशी कुणी बोललं नाही. तिनं खुर्ची हलवली नाही. ज्याला दोन गोळ्या हव्यात, त्यानं तिच्यासमोरूनच आत जावं.